बाराचा वाटा

फोनवर पुन्हा पुन्हा सांगूनही धोंडूदादाने जे आणायचं नव्हतं तेच आणलं.

लिफ्टचं दार सरकलं आणि आधी थर्माकोलचा डबा बाहेर आला, मग तो डोक्यावर धरलेला दादा, आणि शेवटी दादाची पिशवी घेऊन खाली मान घातलेला वैभव. डब्याच्या कोपऱ्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"गुणाजी, धर रे जरा. मान मोडली माझी."

"दादा, यात काय आहे?"

"काय म्हणजे? तुका म्हायत नाय?"

गुणाजीने मुलाकडे पाहिलं. गावच्या बसवर काकाला उतरवून घ्यायला वैभवला पाठवलं होतं ते एवढ्याचसाठी. डबा दिसला तर खालीच काय तो निकाल लाव, वर आणू नको, असं बजावून. वैभवने हात वर केले.

"बाबा, मी बोललो त्यांना. ऐकतच नव्हते. लालबागच्या नाक्यावर सगळ्या लोकांसमोर काय भांडू?"

"दादा, मटण आणू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"मटण खय हाडलंय? वाटो हाडलंय," दादा चपला काढत म्हणाला. "वाटो म्हणजे काय मटण?"

गुणाजीने डबा उचलून आत नेला आणि ओट्याखाली ठेवला.

शांता असती तर तिने दादाला दारातच दोन वाक्यांत गप्प केलं असतं. दादा आयुष्यात कुणाला वचकला असेल तर तो धाकट्या भावाच्या बायकोला. घरातली भांडणं शांता निपटायची आणि तेवढा वेळ गुणाजी खाली जाऊन पेपर वाचायचा. ती गेली त्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून घरातला प्रत्येक राग आणि प्रत्येक रुसवा सरळ त्याच्या अंगावर यायला लागला, आणि खाली जायची सोय राहिली नाही.

आजचा दिवस वैभवच्या बायकोच्या, अक्षदाच्या डोहाळजेवणाचा. संध्याकाळी तिच्या माहेरची दादरची माणसं येणार होती, मजल्यावरच्या बायका येणार होत्या. दुपारचं जेवण घरच्यांपुरतं. आणि घरच्यांच्या जेवणात, दादाच्या हिशेबाने, बाराचा वाटा सुनेच्या पानात पडायलाच हवा होता.

गावात रानडुक्कर पडलं की वाट्यांची रीत ठरलेली. हाकाऱ्यांचे वाटे वेगळे, देवाचा वेगळा, आणि ज्याची बंदूक त्याचा बाराचा वाटा. बार जिथे लागला, छरे जिथे शिरले, त्या जखमेभोवतीचं मांस. ते बंदुकीच्या घरी जायचं. घरात गरोदर सून असेल तर पहिला घास तिचा, म्हणजे पोर धीट निपजतं. सून मुंबईला असेल तर वाटा मुंबईला यायचा. बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली. जनावर मारायचं तर दादा फॉरेस्टची परवानगी काढायचा, त्यात त्याची कसूर नसायची. छरे मात्र तो घरीच पाडायचा, मासे धरायच्या जुन्या पागांना जी शिशाची वजनं असतात ती वितळवून.

आणि ते शिसं अक्षदाच्या रक्तात सापडलं होतं.

पाचव्या महिन्यापासून तिचं रक्त वाढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला. पोटात कळा येत होत्या. डॉक्टरीणबाईंनी शेवटी शिशाची तपासणी करायला लावली आणि रिपोर्ट बघून त्यांचा चेहराच उतरला. आईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळाकडे जातं, त्या म्हणाल्या, आणि बाळाच्या मेंदूचं नुकसान करतं. अशा दिवसांत औषधाने फारसं काही करता येत नाही. शिसं कुठून येतंय ते शोधा आणि आधी ते बंद करा.

मग घरात जी शोधाशोध झाली ती गुणाजीच्या अजून डोळ्यांसमोर होती. पहिला संशय त्याच्यावरच आला. तरुणपणी तो गिरगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि खिळे शिशाचे असायचे. तो छापखाना बंद पडून जमाना लोटला होता. "अरे, मी शिसं हातात धरलं होतं, घरी आणून शिजवलं नव्हतं," असं तो ओरडून सांगत होता. मग भिंतींचा रंग खरवडला. मग कल्हईची भांडी भंगारात गेली. मग कुणीतरी म्हणालं हळदीत भेसळ असते, म्हणून शिवडीच्या बकुळाने, गुणाजीच्या धाकट्या बहिणीने, दिलेली हळद आणि वर्षाचा मसाला वैभवने मोरीत ओतला. बकुळाला ते कळलं आणि तिने बोलणं टाकलं.

खरं काय ते कळलं गुणाजीच्या कमरेमुळे. कंबर धरली म्हणून एक्सरे काढला, तर एक्सरेवाल्या बाई फिल्म उजेडात धरून म्हणाल्या, "काका, तुम्ही पोलिसात होता का? कधी छरे लागलेत?" पोटात उजव्या बाजूला पांढरे ठिपके होते. गुणाजी आधी हसला. मग बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला आणि त्याचं हसू गेलं. छरे लागले नव्हते. ते त्याने खाल्ले होते, घासाबरोबर, न चावता. त्याचं रक्त तपासलं, त्यातही शिसं. फ्रीजरमधला उरलेला तुकडा वैभवने लॅबमध्ये दिला, तिथूनही उत्तर तेच आलं.

हे सगळं त्याने दादाला फोनवर सांगितलं होतं. दादाने मध्येच रेंज गेल्यासारखं केलं आणि शेवटी म्हणाला, "येतंय मगे बोलू."

आता आला होता.

बकुळा आली ती दारातूनच बोलत आली. हातात मसाल्याची भरलेली बरणी होती.

"घ्या. नवीन आणलाय. आता कुठे ओतता ते बघायला आलेय."

"बकुळे, ये, बस आधी," गुणाजी म्हणाला. "तुझ्या मसाल्यात काही नव्हतं. कळलं आम्हाला."

"म्हणजे हळद चांगली होती."

"चांगली होती."

"आणि मसाला?"

"मसालाही चांगला होता."

"मग मोरीत ओतलात त्याचं काय? वर्षाचा मसाला होता, भाऊ. मिरच्या भाजताना ठसका लागून मरायची पाळी आली होती माझी."

"चुकलं. तेच सांगायला फोन करत होतो. तू उचलत नव्हतीस."

"कशाला उचलू? म्हटलं अजून कायतरी ओतायचं राहिलं असेल."

अक्षदा खुर्चीतून हळूच उठली आणि आत्याच्या पाया पडायला वाकू लागली. बकुळाने तिला वरच्यावर धरलं. "राहू दे गं, वाकू नको. तुझ्यावर नाही माझा राग. ह्या दोन शहाण्यांवर आहे." मग तिचं लक्ष दादाकडे गेलं. "दादा, तू कधी आलास? आणि मग काय निघालं शेवटी? कशातून आलं विष?"

"माझ्या बंदुकीतून," दादा म्हणाला. तो पंख्याखाली पाय पसरून चहा पीत होता. "आधी तुझी हळद, मगे टोप, मगे भिंतीचो रंग. आता माझी बंदूक. उद्या म्हणतले, दादाच्या बोलण्यात शिसा असा."

"दादा, चेष्टा नको."

"मी खय चेष्टा करतंय? आमच्या आज्यान आयुष्यभर खाल्ल्यान. तो कशान गेलो? माडावरसून पडान गेलो. शिशान नाय गेलो."

बकुळा फसकन हसली. गुणाजीला वाटलं होतं की निदान ती तरी आता त्याच्या बाजूने उभी राहील. तिचा मसाला निर्दोष सुटला होता. पण तिने ओट्याखालचा डबा बघितला, झाकण उघडलं, केळीच्या पानात गुंडाळून सोपटाने बांधलेलं पुडकं ओट्यावर काढून ठेवलं, आणि तिचा चेहरा पालटला.

"बाराचा वाटा आहे हा."

"हो."

"भाऊ, हा परत नाही पाठवायचा. पोटुशीच्या नावाने आलेला वाटा परत पाठवला असं मी तरी कधी ऐकलं नाही."

"आता ऐक."

"असं तोडून नको बोलू. काहीतरी मार्ग काढू या ना."

इथून पुढे मार्ग निघायला लागले. गुणाजीला भांडण परवडलं असतं, पण हे मार्ग काढणं सहन होत नव्हतं.

पहिला मार्ग वैभवचा. "बाबा, असं करू या. वाटा शिजवू, अक्षदाच्या पानात वाढू, ओवाळू. तिने नुसता तोंडाजवळ न्यायचा. काकांचाही मान राहील."

"नाटकां नकोत," दादा म्हणाला. "घास म्हणजे घास."

"अरे पण काका—"

"तुझ्या आवशीन तुझ्या वेळेक नाटक नाय केल्यान. दोनदा मागून घेतल्यान."

दुसरा मार्ग बकुळाचा. चष्मा लावते, सुई घेते, एकेक धागा बघून छरे काढते. यावर दादाच चिडला. "छरे काढलेले असत! मी बार भरतंय तेव्हा मोजून भरतंय आणि मोजून काढतंय. एक छरो मागे रवाचो नाय."

"मग माझ्या पोटात कुठून आले ते ठिपके?" गुणाजीने विचारलं.

"ते जुने असतले. बाबांच्या वेळचे. बाबा मोजी नसत."

गुणाजीने डोळे मिटून घेतले. मग शक्य तितक्या सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं त्याने पुन्हा सांगितलं. छरा हाडावर आपटला की त्याचा भुगा होतो. रव्यासारखा, पिठासारखा. तो जखमेपासून वीतभर लांब पसरतो. डोळ्याला दिसत नाही, दाताला लागत नाही, सुईने निघत नाही, पाण्याने धुतला जात नाही. आणि ज्या मांसात तो सगळ्यात जास्त असतो नेमकं तेच मांस आपण मान म्हणून पोटुशी सुनेला घालतो.

"समजलं?"

"समाजला," दादा म्हणाला. "पण पिठासारखो भुगो डाक्टरांका कसो दिसलो?"

"दादा, रक्तात सापडलाय! हिच्या रक्तात!"

"रक्तात हजार गोष्टी सापडतत. सुनेन लाल बांगड्यो घातल्यान तर तेंचो रंगय सापडात."

अक्षदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एक हात पोटावर. आता ती म्हणाली, "बाबा, मी एक सांगू?"

"सांग गं," गुणाजी म्हणाला. त्याला वाटलं, सुटलो. ती सरळ नाही म्हणेल आणि विषय संपेल.

"खोटं कशाला बोलू. पुडकं बघितल्यापासून माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. मला गेले दोन महिने दुसरं काही खावंसंच वाटत नाही. स्वप्नात येतं ते मटण माझ्या. मी खाणार नाहीये, पण..."

"बघ!" दादाने मांडीवर थाप मारली. "पोटातला पोर मागता हा. आता काय म्हणतलंस? डोहाळे मारतलंस तेचे?"

"मोठे काका, मी खाणार नाही म्हणाले."

"सासऱ्याच्या भयान म्हणतंस."

"भीतीने नाही हो. रिपोर्ट मी वाचलाय. रोज वाचते." तिचा आवाज चिरला. "सगळे मला विचारतायत काय खाल्लंस, काय खाल्लंस. मी आवडीने खाल्लं. तुम्ही पाठवलंत, मी पहिल्या वेळेपासून आवडीने खाल्लं. आता मला कुणी सांगत का नाही की बाळाला काही होणार नाही म्हणून?"

ते सांगता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नव्हतं. आता यापुढे जाऊ देऊ नका, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

वैभवने तिला खुर्चीत बसवलं. बकुळाने डोळे पुसले, पदर खोचला आणि ओट्यापाशी गेली. तिला रडवेल्या घरात उभं राहवत नाही, लगेच काहीतरी हाताला काम लागतं.

"हे बघा, सगळे थांबा," ती म्हणाली. "मी सांगते काय करायचं. आगळ आहे ना घरात? कोकमाचं? वाटा मी आत्ता आगळात घालते. दुपारी उशिरा जेवू. वैनी करायची तसंच. आंबट सगळं ओढून बाहेर काढतं, तांब्याची भांडी नाही का लखलखीत होत. वरचं पाणी फेकून देऊ आणि मग शिजवू. छरे नाहीत, भुगा नाही. वैनीच्या हातचं खाऊन कधी कुणाला काही झालं? सांगा ना!"

"हां," दादा म्हणाला. "ह्या बरोबर बोललंस. शांता करी तसा कर."

"म्हणजे हे चालेल का, बाबा?" वैभवने विचारलं.

"आगळ नको," गुणाजी म्हणाला.

"का?"

"नको म्हटलं ना."

"अरे पण का? आमटीत नाही का घालत?" बकुळा कपाट उघडून बाटल्या हलवू लागली. "कुठे ठेवता तुम्ही? वैनी खालच्या फळीवर ठेवायची."

"बकुळे, बाटली खाली ठेव."

"तुला प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं असेल तर..."

"आंबटात शिसं विरघळतं!"

एवढ्या मोठ्याने तो या घरात कधी ओरडला नव्हता. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, वैभवलाही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मटण कसं शिजवता. तो मोठ्या हौसेने सांगायला लागला होता. माझी बायको आगळात मुरवायची, दोन दोन दिवस. रानडुकराचा उग्र वास जातो, मांस लोण्यासारखं होतं, सगळ्या वाडीने तिच्याकडून शिकून घेतलं. सांगता सांगता त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. घरी येताना त्याने ठरवलं होतं की ही गोष्ट आपल्यापाशीच राहील. शांता गेली. तिच्या टोपात आता कशाला हात घालायचा?

"आंबटात शिसं विरघळतं," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. "भांडं लखलखीत होतं, पण निघालेला कळक जातो कुठे? पाण्यात. इथे तो मांसात जातो, रश्शात जातो. छरा उचलून टाकला तरी राहतो. जितका वेळ मुरवशील तितका जास्त."

बकुळाच्या हातात बाटली तशीच राहिली. "म्हणजे वैनी..."

"हो."

"वैनी तर दोन दोन दिवस..."

"हो म्हटलं ना, बकुळे."

दादा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "गुणाजी, मेल्या, मका काय बोलाचा ता बोल. माझी बंदूक मोड. पण तिच्या हाताक नाव ठेवू नको. माझी आऊस गेल्यावर मका जेवान गोड लागला ता तिच्या हातचा."

"मी नाव ठेवतोय? मी?" गुणाजीचा आवाज फाटला. "मला काय हौस आहे? तुम्ही चौघं मिळून मला बोलायला लावताय. सकाळपासून एकच गोष्ट सांगतोय, नको, नको, नको. एकालाही ऐकू येत नाही. हा म्हणतो नाटक करू, ती म्हणते सुई आणू, तू म्हणतोस वाटा म्हणजे मटण नाही! आता तिचं नाव घ्यायला लावलंत, तेव्हा सगळे गप्प बसलात."

मग बकुळाने ते विचारलं. तिच्या मनात काही राहत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

"भाऊ, वैनीची मूत्रपिंडं गेली ती... ह्याच्याने?"

वैभवने मान वर केली. गुणाजीला कळलं की पोराच्याही मनात हेच होतं आणि त्याने बापाला विचारलं नव्हतं.

"विचारलं मी डॉक्टरांना. तिला शुगर होती. प्रेशर होतं. ते म्हणाले, शिशाने मूत्रपिंडं खराब होतात, पण हिची त्यानेच झाली का ते आता सांगता येणार नाही. झाली असतील, नसतील. तिचं रक्त मी आता कुठून आणू तपासायला?" तो खुर्चीत बसला. "ती वाढताना रस्सा चाखून बघायची. सगळ्यांच्या आधी. मला ते कधीच कळणार नाही, दादा. मरेपर्यंत कळणार नाही. पण हिचं कळलंय. हे कळूनसुद्धा मी तुझा वाटा हिच्या पानात वाढू?"

दादा उभाच होता. तो म्हणाला, "डाक्टरीण लहान पोरांचा काय म्हणाली?"

"कुठल्या पोरांचं?"

"कुठल्याय. पाच-सात वर्षांच्या आतल्या."

"त्यांना मोठ्यांपेक्षा वाईट," अक्षदा म्हणाली. बाबांना आता बोलायला लावू नये असं तिला वाटलं असावं. "मेंदू वाढत असतो ना. अंगात जास्त शोषलं जातं. पोरं फिकी पडतात, चिडचिडी होतात. बोलायला उशीर होतो. शिकवलेलं लक्षात राहत नाही."

"बोलूक उशीर," दादा म्हणाला.

गुणाजीने झटकन त्याच्याकडे पाहिलं. दादाचा नातू हितेंद्र पाचव्या वर्षात होता आणि चार शब्दांपलीकडे बोलत नव्हता. त्यासाठी दादाने देवाला सांगणं केलं होतं, कौल लावला होता, कणकवलीच्या डॉक्टरांना जीभ दाखवली होती. गावच्या घरात आता पोटुशी कुणी नव्हती. मग बाराचा वाटा घरी शिजला की तो जायचा सगळ्यात लहानाच्या ताटात. दादा त्याला मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने भरवायचा. गुणाजीने हे स्वतः पाहिलं होतं, आणि इतके दिवस अक्षदाच्या काळजीत त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "या जनावराचा बाकीचा वाटा कुठे आहे?"

"अर्धो हय हाडलंय." दादा खिसे चाचपायला लागला. शर्टाचा, मग लेंग्याचा. "अर्धो घराक. आज आयतवार."

फोन पिशवीत होता. वैभवने काढून दिला. दादाला कमी ऐकू येतं, म्हणून तो नेहमी स्पीकर लावूनच बोलतो. घंटी वाजत राहिली आणि कुणी उचलेना. दादाने पुन्हा लावला. "जेवणाचो टायम," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. "हात उष्टे असतले."

तिसऱ्यांदा दादाच्या बायकोने, वच्छीवहिनीने उचलला. मागे भांड्यांचा आणि कुत्र्याचा आवाज येत होता.

"पोचलात काय? सुनेन घास घेतल्यान?"

"मटण वाढलंस?"

"आं?"

"मटण वाढलंस काय म्हणान इचारतंय."

"आता वाढलंय. पानावर बसलेत सगळे. कित्या?"

"हितूच्या ताटातला उचल."

"उचल? अवो, तेचो वाटो तो. छरे काढलेत सगळे. तुमीच मोजल्यात ना?"

"छऱ्यांचा नाय गे बाये. भुगो असता. पिठासारखो. दिसणा नाय."

"दिसणा नाय तर तुमका मुंबयसून कसो दिसलो?"

दादाने गुणाजीकडे पाहिलं. एरवी गुणाजीला हसू आलं असतं. त्याने केळीच्या पानाचं पुडकं ओट्यावरून उचललं आणि डब्यात घालून झाकण लावलं. दादाने ते बघितलं आणि हरकत घेतली नाही.

"आयक. आगळ घातलंस काय?"

"घातलंय तर. कालपासून मुरता हा. शांतान शिकवल्यान तसा." मग वहिनीचा आवाज चढला. "आता काय, आगळातय विष असा? मगे शांतान काय आमका सगळ्यांका विष घातल्यान?"

अक्षदाने गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला. दादाने फोन तोंडाच्या अगदी जवळ नेला.

"तिका कोणी सांगूक नाय होता," तो म्हणाला. "तुका मी सांगतंय. ताट उचल आधी."

पलीकडे जमिनीवरून ताट सरकल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग हितूचं भोकाड. त्याच्या चार शब्दांतला एक शब्द 'दी', म्हणजे 'दे', होता, आणि तो आता तोच पुन्हा पुन्हा ओरडत होता.

"रडता हा वो," वहिनी म्हणाली.

"रडांदे," दादा म्हणाला. तो फोन हातात धरून खाली जमिनीवर बसला. "रडांदे तेका."